पाणी सोडलंत का?

फुस्सऽऽ!

आवाज झाला मात्र, यशश्रीने शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा दंड गच्च धरला. माणूस अनोळखी, दुकान सातपूरच्या भर रस्त्यावरचं, आणि वेळ सकाळी अकराची!

"मॅडम, टाकीतली थोडी हवा सोडली फक्त," तो म्हणाला. "आणि... तुम्ही दंड सोडलात तर मला हा व्हॉल्व्ह बंद करता येईल."

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. कान लालेलाल. तो मात्र शांतपणे व्हॉल्व्ह बंद करत होता, आणि हसू दाबण्याचा त्याचा प्रयत्न सपशेल फसला होता. शर्टाच्या खिशावर नाव होतं – विश्वेश.

आता एवढं घाबरायचं, तर बाईसाहेब कॉम्प्रेसरच्या दुकानात आल्या कशाला? तर पाथर्डी फाट्याजवळच्या घरी, गाडीच्या गॅरेजमध्ये, ती जुन्या सायकली नव्यासारख्या करून द्यायची. ब्रशने रंगवायची. एका सायकल मंडळाने तिला अकरा सायकलींचं काम देऊ केलं होतं, पण अट एकच – रंगाचा ओघळ दिसता कामा नये. म्हणजे स्प्रेगन हवी, आणि स्प्रेगनला कॉम्प्रेसर.

आणि कॉम्प्रेसर म्हटलं की यशश्री चार पावलं मागे सरायची. नऊ वर्षांपूर्वी ती वडिलांचा, अप्पांचा डबा घेऊन अंबडला त्यांच्या रंगकामाच्या शेडपर्यंत पोहोचली होती. फाटकाला हात लावला आणि आत टाकी फुटली. अप्पा वाचले, पण डावा कान कायमचा गेला. शेड बंद झाली. घरात त्या दिवसाबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

"काम कसलं आहे?" विश्वेशने विचारलं.

"सायकली रंगवायच्यात. घरीच."

"मग हा चोवीस लिटरचा नको. स्प्रेगनला सलग हवा लागते, हा अर्ध्या सायकलीतच धापा टाकेल. पन्नास लिटरचा घ्या, दोन एचपीचा. घरच्या लाइटवर चालतो. बिनतेलाचा आहे, आवाजही कमी. शेजारणींची दुपारची झोप मोडणार नाही."

"आणि... फुटतो का हो?"

विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून. तो हसला नाही. त्याच्यातली तिला आवडलेली पहिली गोष्ट ही.

"नाही म्हणून थाप मारणार नाही," तो म्हणाला. "आतून गंजलेली टाकी फुटू शकते. म्हणून सेकंडहँड घेऊ नका, मीच गळ घातली तरी घेऊ नका." मग तो खाली वाकला. "हा टाकीच्या पोटाखालचा नळ. हवेतला ओलावा आत पाणी होऊन साचतो. काम झालं की रोज हे पाणी सोडायचं. एवढं कराल?"

"रोज?"

"रोज. विसरलात तर मी आठवण करीन," तो बोलून गेला, आणि मग कान लाल व्हायची पाळी त्याची आली.

कॉम्प्रेसर घरी आला. यशश्रीने त्यावर जुनी चादर टाकली आणि गॅरेजची कडी लावून घेतली. बटण दाबायला हात पुढे जायचा आणि तळवे घामेजून मागे यायचा. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, बरं का!

रोज संध्याकाळी सातला विश्वेशचा मेसेज यायचा. *पाणी सोडलंत का?*

*हो,* ती लिहायची. धादांत खोटं.

*शाब्बास. चहा घेतलात का?*

*हाही मशीनच्या देखभालीतला प्रश्न आहे?*

*मालकिणीच्या.*

ती एकटीच हसायची. मग चादरीखालचा तो फुगवटा आठवायचा आणि हसू विरायचं.

एकदा फोन अप्पांच्या हाती लागला. "यशू, हा विश्वेश कोण? आणि तुला कशावर पाणी सोडायला सांगतोय? घरावर, की आमच्यावर?"

"अहो अप्पा, टाकीतलं पाणी!"

अप्पांचा चेहरा एकदम उतरला. ते उठून आत गेले.

नवव्या दिवशी विश्वेश पहिल्या तपासणीला आला. तिने आधीच चादर काढून ठेवली होती. त्याने टाकीखाली वाटी धरली, नळ उघडला. थेंब नाही. हवेची झुळूकसुद्धा नाही. त्याने दाबाच्या काट्याकडे पाहिलं, तो शून्यावर. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही हा... एकदाही चालवला नाहीत."

"नाही."

"आणि रोज मला 'हो'..."

"मला भीती वाटते!" ती जवळजवळ ओरडलीच. मग फाटक, डबा, तो आवाज, सगळं सांगितलं. हुंदका आला, तोही आवरला नाही. "माणसाला न सांगता फुटतं हो ते. कसा भरवसा ठेवायचा?"

"सांगून फुटलं होतं ते."

दारात अप्पा उभे होते. कॉम्प्रेसर आल्यापासून पहिल्यांदा गॅरेजच्या दारात.

"खालून गंजाचं पाणी ठिबकत होतं, यशू. मला दिसत होतं. सहा महिने मी पाणी सोडलं नव्हतं. आज करू, उद्या करू... चूक माझी होती. सांगायची लाज वाटली, आणि तू मशीनलाच भीत राहिलीस." त्यांनी विश्वेशकडे उजवा कान केला. "लाव रे, पोरा. ऐकू दे."

"मी नाही," विश्वेश म्हणाला. "यांनीच लावायचा. मी इथेच उभा आहे."

तिने एका हाताने त्याची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. मशीन घरघरलं. काटा चढू लागला. दोन... चार... सहा... तिने डोळे मिटले. मशीनची धडधड कुठली आणि आपली कुठली, तेच कळेना.

टक.

"आठवर आपोआप बंद," त्याचा आवाज अगदी कानाजवळ आला. "बघा तरी."

तिने डोळे उघडले. काटा आठवर निवांत उभा होता. अप्पा डोळे पुसत होते. बाही अजून तिच्या मुठीत होती, आणि या खेपेला कुणीच 'सोडा' म्हटलं नाही.

निघताना मात्र तो चप्पल घालता घालता म्हणाला, "आता तुम्हाला माझ्या मेसेजची गरज नाही." आणि गेला.

दुपारभर तिने पहिली सायकल रंगवली. गर्द निळी, एकही ओघळ नाही. सहाला नळ उघडला, चमचाभर पाणी आलं. मग ती फोन समोर ठेवून बसली.

सात वाजले. सव्वासात. साडेसात. फोन गप्प.

आणि मग भीती परत आली. टाकीची भीती गेली होती, ही दुसरीच होती. तो पुन्हा विचारणारच नाही का? तपासणी झाली, काम संपलं? तिने फोन उचलला. सकाळी ते बटण दाबता आलं, मग हेही जमेल.

*टाकीतलं पाणी सोडलं. तुमच्यावर मात्र पाणी सोडायची माझी तयारी नाही.*

गेला मेसेज! तिने उशीत तोंड खुपसलं. पलीकडे तो लिहू लागला... थांबला... पुन्हा लिहू लागला. तिचा जीव टांगणीला.

*साडेसहापासून फोन हातात घेऊन बसलोय. हिंमतच होत नव्हती. उद्या येऊ का? मशीनचं काहीही काम नाहीये.*

तिने लिहिलं, *या.*

मग थांबली. खोडलं. श्वास घेतला आणि पुन्हा लिहिलं.

*ये.*