पाचवी पट्टी

‘सातगड’ खेळायला बसणाऱ्या नवख्या पोरांना ललितचा पहिला सल्ला ठरलेला असे: घाई करू नका. पात्र बनवताना वीस गुण मिळतात, ते हावरटासारखे ताकदीत ओतू नका. आठ जिवात टाका, सहा ताकदीत, चार मंत्रात, दोन दमात. नशिबाच्या रकान्यात शून्य. नशिबात टाकलेला गुण वाया गेला म्हणून समजा.

हे सगळं तो प्रकाशा गावातल्या घरी, तापीकडच्या खोलीत बसून लिहायचा. शहाद्याच्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटर ऑपरेटर होता. दुपारी घरी आला की कूलर लावायचा आणि हा ऑनलाइन खेळ उघडून बसायचा. असं मराठीत नीट समजावून सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे वाचक बक्कळ. त्याचं स्वतःचं पात्र साठाव्या पातळीवर होतं. नाव ‘ललित’च.

थोरला भाऊ हेमकांत जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. त्या दिवशी नदी चढत होती आणि काठावरची पाणी उपसायची मोटार वर ओढायची होती. पाळी ललितची. पण तो ऐन लढाईत होता, “पाच मिनिटं थांब,” म्हणाला. हेमकांत दारात उभा होता, डावा पाय मुडपून, एक हात मानेवर ठेवून. ही त्याची लहानपणापासूनची तऱ्हा.

“ऱ्हाऊ दे, मी जाई येस,” तो म्हणाला.

मोटार सापडली. चपला सापडल्या. हेमकांत काही सापडला नाही.

ललित रडला नाही. नंतर रडू येईल असं त्याला वाटलं होतं. मग तसं वाटायचंही थांबलं. जेवायचा, कॉलेजात जायचा, पोरांना सूचना लिहायचा. आतून पार बधिर.

आई, भिकुबाई, तर हेमकांत गेला हेच मानत नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, वर खरबूज, आंबे, सांजोरी ठेवायची, चुलीत घास टाकायचा, अशी घराची रीत. घागरीचं पाणी गेलेल्यांचं, माठाचं पाणी जित्यांचं. गेल्या आखाजीला तिनं हेमकांतची घागर भरूच दिली नाही.

“पानी दिधं म्हंजे पोऱ्या गया,” म्हणाली. “मी देवाव नही.”

यंदा चैत्रात ललितला एका लेखासाठी नमुन्याचं पात्र हवं होतं. नावाच्या चौकटीत बोटांनी आपसूक ‘हेमकांत’ टाइप केलं. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सातगडात एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही. ही सूचनाही त्याचीच. ठरल्याप्रमाणे गुण वाटले, नशिबात शून्य टाकलं, पात्र विहिरीजवळ उभं केलं आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दुपारी पात्र विहिरीजवळ नव्हतं. नकाशाच्या पार टोकाला, नदीकाठी उभं होतं. डावा पाय मुडपून, हात मानेवर.

खेळात उभं राहण्याच्या चाळीस तऱ्हा आहेत. ललितनं चाळीसही तपासल्या. ही त्यात नव्हती.

पात्राच्या डोक्यावर जीव, ताकद, मंत्र, दम अशा चार पट्ट्या असतात. याच्या डोक्यावर पाच होत्या. पाचवीवर लिहिलं होतं ‘तहान’, आणि ती लाल होत तळाला आली होती. त्यानं पात्राला विहिरीचं पाणी पाजलं, झऱ्याचं पाजलं. पट्टी हलेना. शेवटी पडद्याचा फोटो काढून खेळाडूंच्या गटात टाकला. उत्तरं आली: दादा, फोटोत चारच पट्ट्या आहेत. दादा, या खेळात तहान कुठं असते?

चहा घेऊन आलेली आई मागे उभी होती, हे त्याला कळलंच नाही.

“हाऊ त मन्हा हेमू,” ती म्हणाली.

“खेय शे, माय.”

“त्याले तहान लागेल शे.” तिला वाचता येत नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी ती त्याच्या मागे येऊन बसू लागली. पट्टी रोज केसभर उतरायची. आखाजीच्या आदल्या दिवशी तिनं ललितकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “सकायले घागर आन.”

ललितला वाटलं, सुटलो. आता आई रडेल, आपणही रडू, आणि भाऊ एकदाचा जाईल.

आखाजीला ऊन चव्वेचाळीसवर गेलेलं. दोधूकाका आले. घागर मांडली. वर ठेवायला खरबूज, आंबे, सांजोरी. चूल पेटली.

“आते नाव ल्या, वहिनी,” काका म्हणाले.

आईनं घागरीत पाण्याची धार धरली.

“ललित,” ती म्हणाली.

काका दचकले. ललितला हसू आलं. जन्मभराची खोड तिची. हेमूला हाक मारायची तर आधी ‘ललित’ निघायचं, ललितला मारायची तर ‘हेमू’. मग स्वतःवरच चिडून, जीभ चावून दुरुस्त करायची.

“वहिनी, हेमू म्हना, हेमू.”

या खेपेला तिनं जीभ चावली नाही. धार संपेपर्यंत घागरीकडेच पाहत राहिली. मग चुलीत घास टाकला.

जेवणं झाली. काका घरी गेले. ललितनं खोलीत येऊन खेळ उघडला.

नदीकाठ रिकामा होता.

पात्रांची यादी पाहिली. ‘हेमकांत’ नव्हतं. एकच नाव होतं.

त्यानं स्वतःचं पात्र उघडलं. डोक्यावर पाच पट्ट्या. पाचवी हिरवीगार, काठोकाठ भरलेली.

टेबलावर सकाळी भरून ठेवलेलं तांब्याचं भांडं तसंच होतं. एवढ्या उन्हात त्याला घोटभरही पाणी प्यावंसं वाटलं नव्हतं. आत्ताही वाटत नव्हतं.

ओसरीवर आईचा आवाज आला.

“हेमू, ये भाऊ. पानी पी ले.”

नाव पहिल्याच फटक्यात निघालं होतं.

“माय,” ललितनं हाक मारली. “मी आठे शे.”

दार सताड उघडं होतं. पाठमोरी आई चार हातांवर बसलेली दिसत होती. तिनं मान वळवली नाही.

भिंतीपलीकडे कोणीतरी घटाघटा पाणी पीत होतं. लोटा रिकामा झाला, आणि पुन्हा माठात बुडाला.