मागच्या दारानं पाहिलेलं कॉलेज

ओळख ना पाळख, आणि त्या पोरानं माझ्या नातीला पहिल्याच भेटीत सांगितलं, इथं येऊ नका. ही काय बोलायची रीत झाली?

ईरा माझी नात. बालाघाटलाच बी.एस्सी. झाली, आता प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणते. मी म्हटलं, कर, पण गाव सोडायचं नाही. वैनगंगेच्या अंगाला नवं खाजगी कॉलेज निघालंय, दारं काचेची आहेत, तेच पुरे. तरी बघितल्याशिवाय मी पोर कुठं देत नाही. स्थळ बघायला गेलं की आमच्या घरच्या बायका बैठकीत बसत नाहीत. सरळ परसात जातात, भांडी घासायची जागा बघतात, तिथल्या सुनेचं तोंड बघतात. म्हणून प्राचार्य चकचकीत फोटो दाखवायला लागले, तशी मी ईराला घेऊन इमारतीच्या मागं गेले.

तिथं हा होता. पांढरा कोट, बाह्या वर सारलेल्या, नळाखाली काचेच्या बरण्या धूत होता. श्रावणाची भुरभुर केसांवर बसलेली. पायरीवर एक गोगलगाय निघाली होती. माझा पाय पडेल म्हणून त्यानं आणि ईरानं एकदमच हात पुढं केला. बोटाला बोट लागलं... आणि गोगलगाय राहिली बाजूलाच.

"एडमिशन के लिए आई हैं?"

"हौ."

"नका घेऊ."

मग त्यानं स्वतःच्याच कॉलेजची सगळी लाज काढली. सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाची किल्ली सरांजवळ, आणि सर भोपाळला. जंगल दाखवायला नेतात ते फाटकापर्यंत. तिथं फोटो काढतात आणि परत आणतात. माझ्या कपाळाची शीर उठली. पण ईराला राग कुठला! डोळे बारीक करून तिनं विचारलं, "एवढं वाईट आहे, तर तुम्ही काहून राह्यले?"

नाव गजेंद्र, कटंगीचा. बाप नाही, आई एकटी, घरी धानाची शेती. रोज बसनं येतो, बसनं जातो. दूर जायची सोय नव्हती म्हणून इथं पडला.

"मग मी आले तर तुम्हाले सोबत होईल," ईरा म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "होईल... म्हणूनच तर सांगून राह्यलो. आज खोटं बोललो, तर उद्या तुमच्याकडे पाहू कसा?"

रिक्षात पोरगी घरापर्यंत मध्येच आपली हसायची.

पुढं दुसरं कॉलेज शोधून द्यायला म्हणून तो घरी यायला लागला. पुणे, जबलपूर, नागपूर... एकेका ठिकाणची चौकशी कशी करायची ते तिला सांगायचा. तिथल्या साहेबांना नाही, शिकणाऱ्या पोरींना फोन करा. कोणी मध्येच सोडून गेलं का? गेलं तर काहून? काम पोरींनी केलं तर नाव कोणाचं लागतं? असं करत एकेक जागा गळाली आणि पुणं उरलं. तो यायचा त्या दिवशी ईरा वेणी घालून परत सोडायची, परत घालायची. हे मला चष्म्याशिवाय दिसत होतं.

एकदा त्याला अंगणात गाठून मी म्हटलं, तू एक शब्द टाक, ती थांबते. तर हा मान खाली घालून म्हणतो, "मी नाही म्हणणार, आजी. थांबली तर माझ्यासाठी थांबेल. मग शिकेल काय, त्या बंद कपाटातून?"

माझ्या तोंडावर नाही म्हणणारा या घरात अजून जन्मला नव्हता. त्यानंतर तो आला तेव्हा मी चहा विचारला नाही. पण ते बंद कपाट डोक्यातून जाईना, आणि शेवटी मीच पुण्याला हो म्हटलं.

जायचा दिवस उजाडला. पुण्याला जायला आधी गोंदिया गाठायचं होतं. गोंदियाची गाडी लागली, ईरा खिडकीशी बसली. हा बाहेर उभा राहून होस्टेलच्या पाण्याबद्दल सांगतोय, मेसच्या जेवणाबद्दल सांगतोय. ती हौ हौ करतेय आणि डोळे भरत चाललेत.

"अजून काही...?" तिनं विचारलं.

"नाही... पोहोचल्यावर फोन करा."

मी फलाटावरच्या बाकावरून उठले. "गजेंद्र, कॉलेजचं खरं सांगताना तुले तोंड होतं, आता कुठं गेलं? थांब म्हणू नको, मी पण नाही म्हणत. पण मनातलं न ऐकता ती गेली, तर तिथं बसून ती काय समजेल? हेच ना, की यानं मले नको म्हणून वाटेला लावलं?"

तो खिडकीशी गेला. गज धरला. "ईरा... तुम्ही मले आवडता. तिथं शिका. मी आहे इथं."

तिनं गजावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. "मले माहीत होतं," ती म्हणाली, "पण ऐकायचं होतं." रडत होती का हसत होती, कोण जाणे. गाडी हलली तरी हात सुटेना. फलाट संपेपर्यंत तो खिडकीसोबत पळत गेला.

धापा टाकत परत आला आणि माझ्या पायाशी वाकला. मी त्याला वाकू दिलं, मग म्हटलं, "पसंत आहेस तू मले. पण एवढ्याशा बोलण्यासाठी म्हातारीले भर स्टेशनात भांडावं लागलं, हा राग मी सोडणार नाही."