टामकाकांचा काढा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये जडीबुटी विकण्यात माझा जन्म गेला. कुठलीही मुळी मी नुसती हुंगून ओळखते.

त्या दुपारी दुकानावरच्या खोलीत एकटे राहणाऱ्या टामकाकांना पेज द्यायला गेले. धुकं असं दाट की समोरच्या खिडक्याही दिसेनात. जिन्यातच काढ्याचा वास आला, आणि त्या वासात काहीतरी नको ते होतं.

काका खुर्चीत बसले होते. भिंतीवर यूक-लानकाकूंची तसबीर, तिच्यापुढे वाटी. आमच्यात पहिला चहा गेलेल्या माणसाला. निवला की तोही आपणच प्यायचा, वाया घालवायचा नाही. काका तर गुडघ्यांचा काढाही काकूंपुढे ठेवायचे.

"तिचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखायचे," म्हणायचे.

मला पाहून ते ओशाळले. "फाँग, रागावू नकोस गं. भाच्यानं पुडी पाठवली... फुकट."

"फुकट म्हणून विषही प्याल?"

"जिभेला मुंग्या येतायत... ओठ माझे नाहीतच असं वाटतंय..."

मी भांड्यातला चोथा ताटलीत उपडा केला. नेहमीच्या मुळ्यांच्या चकत्यांत काळपट, कच्च्या, विषारी बचनागाच्या चकत्या मिसळल्या होत्या. पुडी बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय! मला संताप आला. मी ताबडतोब अँब्युलन्स बोलावली.

"किती प्यायलात?"

"एकच... आता तिची घेणार होतो..."

मी झडप घालून तसबिरीपुढची वाटी उचलली. वाटी गरम होती. आणि रिकामी.

"काका, खरं सांगा!"

"मला उठता तरी येतंय का? काठोकाठ भरली होती गं..."

खोलीत आम्ही दोघंच होतो. भीती वाटली, पण भ्यायला वेळ नव्हता.

संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके ठिकाणावर येतायत. आणखी एक वाटी पोटात गेली असती तर हाती लागले नसते. मी जिंकल्यासारखी बाहेर आले. तेवढ्यात नर्स धावत आली. आमच्या गल्लीत नव्यानंच राहायला आलेली पोर, आमचीच भाषा बोलणारी.

"मावशी, आजींना पाहिलंत का? आत्ता इथे बाकावर होत्या. तपासायला न्यायचं होतं."

"कुठल्या आजी?"

"टामआजोबांच्या पत्नी. त्यांचेही ओठ बधिर झाले होते. जीभ वळत नव्हती, तरी एकच विचारत होत्या..."

"काय?"

"म्हाताऱ्यानं दुसरी वाटी करून तर नाही ना प्यायली?"