पाचला सुटणारा माणूस

दात बनवण्याच्या लॅबमध्ये काम करून करून तिला एक खोड लागली होती. समोरचा माणूस काय बोलतोय याकडे तिचं लक्ष कमी, आणि त्याच्या ओठांआड काय आहे याकडे जास्त. आई बजावायची, अगं, लोकांच्या डोळ्यांत बघून बोलावं, नाहीतर भलताच समज होतो एखाद्याचा.

तो झालाच.

हिवाळ्यातली धुरकट सकाळ होती. दवाखान्यातून दातांची मापं आणून देणारा नेहमीचा माणूस आजारी पडला होता, म्हणून एक नवाच तरुण डबा घेऊन जिना चढून आला. दारातच त्याचा पाय वायरीत अडकला. डबा त्याने वरच्या वर सांभाळला, स्वतः मात्र खुर्चीवर आदळला, आणि हसला. ती हातातलं काम सोडून बघत राहिली.

"पुन्हा हसा," ती म्हणाली.

"त्यासाठी पुन्हा पडावं लागेल."

"नको... नुसतं हसा."

तो हसला आणि कानापर्यंत लाल झाला.

तिचं कारण साधं होतं. एका मुलीचा पुढचा दात ती बनवत होती आणि तो काही केल्या जमत नव्हता. इतका सरळ व्हायचा, की बघताक्षणी खोटा वाटायचा. याचा एक दात किंचित तिरका होता, शेजारच्याला खेटून गप्पा मारत उभा असल्यासारखा. तसा बनवला आणि काम फत्ते झालं. पण हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक? तो नीट भांग पाडून येऊ लागला. मापं नसली तरी यायचा, काही राहिलं का विचारायला. लॅबचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, दवाखान्यात दात पडायची साथ आलेली दिसते.

शेवटी तिला राहवलं नाही. तिने त्याला खरं काय ते सांगून टाकलं.

त्याने जिभेने तो दात चाचपला. "म्हणजे तुम्ही माझ्याकडे नाही, दाताकडे बघत होता?"

"हो."

"दात माझाच आहे ना?"

"आहे."

"मग चालेल."

त्यानंतर ती दोघं जिन्याच्या पायरीवर बसून चहा घेऊ लागली. पाच वाजले की तो मोकळा. मग नदीकाठी भटकायचा, शेजाऱ्यांची सायकल दुरुस्त करायचा, मनात आलं तर बहिणीकडे जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. याआधी तो छापखान्यात होता, त्याआधी एका बागेत. कुठली नोकरी सोडल्याची त्याला ना खंत, ना कौतुक. ती मात्र सगळे गेल्यावरही टेबलाशी बसायची. दातावर रंगाचा पातळ थर चढवायचा, भट्टीत घालायचा, पसंत नाही पडला की फोडून टाकायचा. या कामाचा तिला कोणी जास्तीचा पैसा देत नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "तुमचं पुढे काय?"

"पुढे पाच वाजतात," तो म्हणाला.

ती हसली खरी, पण ते उत्तर तिला टोचत राहिलं. अशा माणसाच्या भरवशावर कोणी काय ठरवायचं...

वसंत ऋतू आला आणि काकांनी एक बातमी आणली. दूरच्या शहरात एक मोठे कारागीर होते. काकांनी तिचं काम त्यांच्याकडे बघायला पाठवलं होतं. ते तिला शिकवायला तयार होते. पगार इथल्यापेक्षा कमी, शिकायला काही वर्षं लागणार, पण नंतर ती स्वतःच्या नावाने उभी राहू शकली असती. आई म्हणाली, इथे पगार वेळेवर येतो, काका घरच्यासारखे आहेत, आणखी काय हवं? तिला नेमकं ते आणखीच हवं होतं. तरी ती काकांना उत्तर देईना. तिकडे गेलं की ही पायरी सुटली, हे तिला दिसत होतं.

अखेर तिने त्याला सांगितलं. थांब म्हणाला तर राग येईल, आणि जा म्हणाला तर त्याहून जास्त येईल, अशा तयारीनेच सांगितलं.

त्याने दोन्हीतलं काही म्हटलं नाही. कप खाली ठेवला.

"तिथे दवाखाने असतीलच," तो म्हणाला. "नसले तर बागा असतील."

"आणि इथलं?"

"इथली नोकरीच तर आहे. सोडली की सुटते. तुझ्या कामाचं तसं नाही. ते तुला नेईल तिथे तुला जावं लागणार. दोघांतलं एक जण तरी हलकं असलेलं बरं."

दोघांतलं, असं तो सहज म्हणून गेला होता. बोलल्यावर त्याच्याही लक्षात आलं आणि तो बूट न्याहाळू लागला.

"मला रोज उशीर होईल," ती म्हणाली. "चिडचिड होईल. काम फसलं की मी जेवत नाही."

"मी जेवीन. तुझं झाकून ठेवीन."

"लोक तुला नावं ठेवतील, बायकोच्या मागे आला म्हणून."

"बायकोच्या," तो म्हणाला. "मग ठेवू देत."

आता बूट न्याहाळायची पाळी तिची होती. जरा वेळाने ती उठली.

"थांब इथेच. काकांना हो सांगून येते."

ती दोन दोन पायऱ्या गाळत वर गेली. तो सरकून भिंतीला टेकला आणि शेजारी तिच्यापुरती जागा ठेवून बसून राहिला.