मडिवाळप्पांची पाळी

दिवा थोडा मोठा करते आणि मग सांगते. काळोखात बसून सांगण्याचा हा विषय नव्हे.

वैशाखातली दुपार होती. नेहमीप्रमाणे माझी सून राजेश्वरी हिला घेऊन मी सात रस्त्याजवळच्या रुग्णालयात डायलिसिससाठी गेले. माझ्या मुलाच्या पश्चात तिला एचआयव्ही असल्याचे उघड झाले. तेव्हापासून तिने औषधाची गोळी एकदाही चुकवली नाही. विषाणू काबूत आला, परंतु मूत्रपिंडे तोवर निकामी झाली होती. अंगातले रक्त यंत्रातून गाळून पुन्हा अंगात घालायचे, यावर तिचे जगणे. तरीही तिची वेणी विस्कटलेली मी कधी पाहिली नाही. मी सहसा कोणाचे कौतुक करत नाही, तिचे करते.

एचआयव्ही असलेल्या रुग्णांसाठी मागे एक निराळी खोली होती. खिडकी नाही, यंत्र एकच, आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास. यंत्रापाशी एक स्टूल नेहमी रिकामे असे. त्या दिवशी पाय भरून आल्याने मी त्यावर टेकले.

“अत्ते, उठा की,” राजेश्वरी म्हणाली. सासूला ती कन्नड वळणाने अत्ते म्हणते. “मडिवाळप्पा मामांची जागा हाय ती.”

मडिवाळप्पा हे कपाळाला रोज विभूती लावणारे, चादरीच्या कारखान्यातले जुने विणकर आणि याच यंत्रावरचे रुग्ण. वीज गेली की परिचारिका आधी पुढच्या मोठ्या दालनात धावत. मागच्या खोलीकडे शेवटी येत. तेवढ्या वेळात नळ्यांमधले रक्त गोठून वाया जाई. म्हणून मडिवाळप्पा यंत्राचा पंप दांडा घालून हाताने फिरवायला शिकले. पुढे तर स्वतःची पाळी नसतानाही ते इतरांसाठी येऊन बसत. गेल्या श्रावणात ते वारले. रुग्णांनी स्टूल मात्र हलवू दिले नाही.

“गेलेल्या माणसाला स्टूल कशाला?” मी विचारले.

“उभं राहून दमत असतील की. आल्यागेल्याला बसा म्हणावं, हे तुमीच शिकवलंय न्हवं?”

मी उठले.

थोड्याच वेळात बाहेर वादळ सुटले. पत्रे धडधडले आणि दिवे गेले. यंत्र एकदा किंचाळून गप्प झाले. त्याची बॅटरीही संपली असावी. स्वतःचा हात दिसेना असा काळोख. मी दाराशी चाचपडत जाऊन हाक मारली.

“बसम्मा सिस्टर! अहो, सिस्टर!”

“आले आजी... हितलं आटपून आलेच!”

राजेश्वरीच्या अंगात रक्त मुळातच थोडे. आता नळ्यांमधले गेले तर ती तग धरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“राजेश्वरी...?”

“हाय...” आवाज धाग्यासारखा बारीक.

मी यंत्राकडे वळले आणि जागीच थबकले.

घर्र... घर्र... घर्र...

कोणीतरी पंप फिरवत होते. घाई नव्हती, खंड नव्हता. सूत तुटू नये म्हणून जपणाऱ्या हाताची ती गती होती. आंबूस वास मागे सरला आणि कोरड्या विभूतीचा वास खोलीभर पसरला.

“कोण... कोण आहे तिथे?”

“अत्ते, बोलू नका...” राजेश्वरी कुजबुजली. “मामांचं ध्यान मोडंल.”

मी भ्याले. तरीही ती भीती वडीलधाऱ्यांसमोर उभे राहताना वाटते तशी होती. मरणानंतरही ज्याने परक्याची काळजी सोडली नाही, अशा माणसापुढे मी त्या काळोखात पदर डोक्यावर घेतला.

दिवे आले. बसम्मा धापा टाकत आत शिरली.

“अगंबाई! रक्त सगळं परत आत गेलं की! कुणी फिरवलं?”

“मामांनी,” राजेश्वरी शांतपणे म्हणाली.

बसम्माने हातातला दांडा वर धरला. “दांडा तर सकाळीच पुढं नेला होता. हा बघा. आजी, तुमी काय केलं?”

“मी यंत्राला स्पर्शही केला नाही,” मी म्हणाले, आणि ते सत्य आहे.

राजेश्वरी आज ठीक आहे. परंतु हा माझा उजवा तळहात पाहा. संधिवातामुळे याने डब्याचे झाकणही उघडत नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन हात धुतले, तेव्हा हा घट्टा दिसला. वर्षानुवर्षे दांडा धरणाऱ्याच्या हाताला पडावा तसा. तो दिवसेंदिवस टणक होत चालला आहे. आणि हल्ली वीज गेली की बोटे आपोआप मिटतात... जणू कोणी हातात काहीतरी देत आहे.