माणिक 'येतो' म्हणाला

यातलं एक अक्षरही माझं नाही. माझे मोठे मामा, यशवंतराव, पत्ते खेळतानाही लबाडी करत नाहीत, म्हणून कायम हरतात. त्यांनी सांगितलं तेच लिहितोय.

साल एकोणीसशे छप्पन्न. दिवाळीची सुट्टी. नांदेडहून आदिलाबादला जाणारी गाडी.

त्याच आठवड्यात राज्यांच्या नव्या सीमा लागू झाल्या होत्या. किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेलं आणि आदिलाबाद आंध्रात. डब्यात सगळे त्यावरच तावातावाने बोलत होते. आदिलाबादच्या, पण नांदेडला कॉलेजात शिकणाऱ्या यशवंताला त्यातलं एकच कळत होतं. वडील आता त्याला नांदेडहून काढून हैदराबादला घालणार होते. तेलुगू आलं तरच नोकरी लागेल, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे माणिकची साथ सुटली.

माणिक किनवटचा. दोघं नांदेडला एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला एकाच बाकावर बसून घरी यायचे. माणिक किनवटला उतरला की पुढचं जंगल यशवंताला एकट्याने काढावं लागायचं. ते त्याला अजिबात सोसायचं नाही.

आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. माणिक मुद्दाम 'जातो' म्हणायचा. यशवंत खिडकीतून ओरडायचा, येतो म्हण रे.

"जाऊन राह्यलो त जातोच म्हणीन. खोटं काऊन बोलू?"

आणि हसत चालायला लागायचा.

दसऱ्यालाही तो असाच 'जातो' म्हणून उतरला. मग कॉलेजात आलाच नाही. ताप आहे, एवढाच निरोप आला.

गाडी किनवटला थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. बघता बघता डबा रिकामा झाला. माणिक भेटायला येईल म्हणून यशवंताने सगळा फलाट न्याहाळला.

कोणी नव्हतं.

गाडी सुटली. यशवंताला रडू येत होतं. त्याने बाहीने तोंड पुसलं, मान वळवली...

शेजारी माणिक बसला होता.

"कवा चढला रे?"

"आज तुह्यासंगं आदिलाबादपर्यंत," माणिक म्हणाला.

यशवंताला इतका आनंद झाला की त्याने पुढे काही विचारलंच नाही. तोच बोलत सुटला. हैदराबादचं, वडिलांचं, सगळं. माणिक ऐकत होता.

एरवी माणिक दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही.

यशवंताने कागदावर चिवडा काढून मध्ये ठेवला. माणिकने हात लावला नाही.

खिडकीतून इंजिनाची काजळी आत येत होती. यशवंताचा सदरा, गुडघे, बाक, सगळं काळं झालं होतं. माणिकचा सदरा मात्र...

पांढरा. एक कण नाही.

तेवढ्यात गाडी नाल्यावरच्या पुलावर आली. तिथे नेहमी कानठळ्या बसायच्या. त्या दिवशी...

चाकांचा आवाज नाही. इंजिनाचा नाही. काहीच नाही.

यशवंताला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. फक्त स्वतःचा.

पूल संपला आणि खडखडाट परत सुरू झाला. यशवंत खिडकीकडे सरकला. तरी तो उठून दुसरीकडे गेला नाही. माणिकला सोडून कुठे जाणार?

"मी हैदराबादला एकटा कसा राहू रे?" त्याने विचारलं.

माणिक नुसता हसला.

आदिलाबादचे दिवे दिसायला लागले. यशवंत बाकाखालची ट्रंक ओढायला वाकला. आणि अगदी कानाजवळ...

"येतो."

"म्हणाला एकदाचा," असं म्हणत यशवंत हसून वळला.

बाक रिकामा होता. दाराला आतून कडी होती. चिवडा तसाच होता. बाकावर सगळीकडे काजळी होती, फक्त एका माणसाएवढी जागा स्वच्छ होती.

फलाटावर वडील न्यायला आले होते. माणिक उतरताना दिसला का, असं यशवंताने त्यांना विचारलं. वडिलांनी त्याच्या हातातली ट्रंक घेऊन खाली ठेवली.

"माणिक परवा गेला, यशवंता. किनवटचा माणूस सांगून गेला. तुले कसं सांगावं, तेच समजून नाही राह्यलं."

मामा पुढे हैदराबादला शिकले, नोकरी केली, निवृत्त झाले. घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणालं की अजून दचकतात.

गेल्या वर्षी मी त्यांना नांदेडहून आदिलाबादला घेऊन आलो. आमच्या बाकावर एक जागा मोकळी होती. इथं कोणी आहे का, असं एका बाईंनी विचारलं. मी नाही म्हणणार, तोच मामा म्हणाले, आहे.

बाई पुढे गेल्या. मी हळूच विचारलं, मामा, अजून भीती वाटते?

"वाटते ना. पण माणिक खोटं बोलत नव्हता रे."

किनवट आलं, गेलं. मामा खिडकीबाहेर बघत होते. आता गाडीला कोळसा नसतो, पण धूळ असतेच. आदिलाबादला उतरताना त्या जागेवर धूळ बसली होती की नाही, ते मी पाहिलं नाही.

पाहायची हिंमतच झाली नाही.