तिसरी रेषा

दुपारची शेवटची शस्त्रक्रिया तशी साधीच होती. शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याचं कंबरेखालचं हाड मागच्या बाजूला उकललं होतं. लहानशा छेदातून एक लांब स्क्रू घालायचा, एवढंच. आत जाताना त्याच्या बायकोने डॉक्टरीणबाईंना अडवून एकच विचारलं होतं, "पाऊल हलेल ना हो त्यांचं?"

"हलेल," बाई म्हणाल्या होत्या.

ते सगळं एका रेषेवर अवलंबून होतं. बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात दोन्हीकडच्या हाडांच्या कडा एकमेकींवर बसून एकच रेषा दिसायला हवी, आणि स्क्रूची वाट दाखवणारी तार त्या रेषेच्या मागेच राहायला हवी. रेषेपुढे पाऊल हलवणारी नस असते.

क्ष-किरण यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी यंत्राची कमान किंचित कलती केली. पडद्यावर दोन कडा जुळल्या. मागे तिसरी उरली.

"पोटातला वायू असेल," बाई म्हणाल्या.

"वायूला एवढी शिस्त कुठली, मॅडम..." काका हसता हसता थांबले. तिसरी रेषा हळूच सरकली आणि आधीच्या रेषेला लगटून बसली, थंडीत कुणी पांघरुणात शिरावं तशी.

चादरीखालून फुलदाणीत कुजलेल्या पाण्यासारखा वास आला. मास्कच्या आत तो जिभेवर बसला. बाईंनी तार घातली. हाड कडक लागायला हवं होतं. तार भिजल्या पावात शिरावी तशी गेली. त्यांनी ती मागे ओढली, तर टोकाला केस गुंडाळून आले. पांढरे, तेलकट, लांब.

रंगाऱ्याला टक्कल होतं.

समोर उभ्या मदतनिसाने चिमट्याने ओढून पाहिलं. "अजून येतायत... मुळाशी कुठेतरी अडकलेत."

बाईंनी कात्री पुढे केली. "कापा. राहू देत बाकीचे आत."

"मॅडम..."

"कापा म्हटलं ना."

दुसऱ्या खेपेला हाड कडक लागलं. स्क्रू बसला.

संध्याकाळी रंगारी शुद्धीवर आला तेव्हा बाई त्याच्या खाटेपाशी गेल्या. "पायाची बोटं हलवून दाखवा बरं."

बोटं हलली. आधी एकेक, मग सगळी फाकली, मिटली, पुन्हा फाकली, नवा मोजा पायात बसतोय का पाहावं तशी. बायकोने तोंडाला पदर लावला. "हलली हो," ती रडत म्हणाली.

रंगारी छताकडे पाहत होता. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवून त्याने विचारलं, "आता हलवू का?"